काका-काकूंचं नवं बाथरूम : प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर-डिसेंबर २०२४

११ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली, कोथरूडच्या कामाची आज मापं घेतली. इमारत १९८६ची, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. त्या काळातल्या पुण्याच्या घरांची नेहमीची मांडणी: पॅसेजमध्ये शेजारी शेजारी दोन दारं, एक संडासाचं, एक बाथरूमचं. बाथरूम ४ बाय ६ फूट. संडास ३ बाय ४, त्यात अजूनही भारतीय पद्धतीचं भांडं. त्याच्या पुढे उरलेल्या दोन फुटांच्या खोबणीत बेसिन. मधली भिंत साडेचार इंची. दारं सव्वादोन फुटी आणि आत उघडणारी. उंबरा कडप्प्याचा, चार इंच उंच, आणि पलीकडे फरशी पॅसेजपेक्षा दोन इंच खाली. आत जाताना पाय आधी उंच उचलायचा, मग खोल टाकायचा, तोही ओल्या फरशीवर.

काका ७९ वर्षांचे. पार्किन्सनचं निदान झालंय, उजव्या हाताला कंप आहे. काकू ७४. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, गुडघे दुखतात. काकूंनी शाळेत चित्रकला शिकवली आहे. चहा देता देता त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "सगळं कर, पण दवाखान्यासारखं करू नकोस गं. मला रोज सकाळी तिथं जायचंय."

हे वाक्य मी मापांच्या वहीत पहिल्या ओळीवर लिहून ठेवलं. न आवडणारी आधाराची दांडी माणूस वापरत नाही. तिच्यावर ओले कपडे वाळत घालतो आणि भिंतीला हात टेकून उठतो.

खोलीची मापं झाल्यावर माणसांची मापं घेतली. काकांना घरातल्या वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसवलं, खाली जाजम, वर पाट, कधी वर्तमानपत्रांचा गठ्ठा. हाताचा आधार न घेता ते कोणत्या उंचीवरून उठतात ते पाहिलं. साडेअठरा इंच. काकू बुटक्या, त्यांना साडेसोळा इंच बरं पडतं, त्याहून उंच झालं की टाचा अधांतरी. बाजारातला साधा कमोड सोळा इंचांच्या आसपास असतो. म्हणजे काकूंना जवळपास ठीक, काकांना फार खाली.

१२ नोव्हेंबर

नकाशा काढला. मधली साडेचार इंची भिंत काढायची, संडासाची पुढची भिंत पॅसेजच्या रेषेत आणायची, बेसिनची खोबण आत घ्यायची. मिळून ७ फूट ४ इंच बाय ६ फुटांची एक खोली होते. केंद्र सरकारच्या २०२१च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत चाकाची खुर्ची वळायला १५०० मिलिमीटरचं वर्तुळ आणि दाराला ९०० मिलिमीटर मोकळी रुंदी धरली आहे. आंघोळीची सीट दुमडली की ते वर्तुळ उजव्या बाजूला बसतं. आज काकांना काठीही लागत नाही. पण पाच वर्षांनी वॉकर आला, पुढे खुर्ची आली, तर तेव्हा पुन्हा फोडाफोडी नको.

सोसायटीला पत्र दिलं. तुळई, कॉलम, स्लॅब यांना हात लागणार नाही हे लिहून दिलं. खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या छताचे फोटो काढून ठेवले. कोपऱ्यात ओलीचा जुना डाग आहे, तो त्यांना दाखवूनच फोटोत घेतला.

१४ नोव्हेंबर

काकूंची मुलगी नाशिकला असते. संध्याकाळी तिच्याशी फोनवर बराच वेळ बोलणं झालं. तिचा मुद्दा: दोन्ही एक केलं तर एकजण आंघोळीला गेल्यावर दुसऱ्याने करायचं काय? हा प्रश्न प्रत्येक म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात विचारायलाच हवा, कारण या वयात "जरा थांबा" म्हणण्यात अर्थ नसतो. इथे बेडरूमला जोडून एक लहान संडास-बाथरूम आहे, म्हणून एकत्र करायचं धाडस करतेय. ते नसतं तर मी मधली भिंत ठेवली असती आणि फक्त दारं-उंबरे-दांड्या एवढंच केलं असतं.

दुसरी गोष्ट तिला सांगितली. नवं बाथरूम कितीही चांगलं झालं तरी रात्री दोन वाजता झोपेत माणूस पाठ असलेल्या दारानेच जातो. काका रात्री दोन-तीनदा उठतात, ते बेडरूममधल्याच संडासात जाणार. म्हणून तिथलं छोटं काम आधी: कमोडशेजारी दोन दांड्या, पलंगापासून दारापर्यंत जमिनीलगत सेन्सरचा मंद दिवा, आतली कडी काढून बाहेरून नाण्याने उघडता येईल असं लॉक, आणि दाराच्या बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडणारं. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि मदतीला आलेला बाहेर उभा राहतो. हे दोन दिवसांचं काम आहे. ज्यांना मोठं काम परवडत नाही किंवा भाड्याच्या घरात करता येत नाही, त्यांनी निदान एवढं करावं असं मी प्रत्येकाला सांगते.

१६ नोव्हेंबर

बेडरूमचं छोटं काम झालं. दुपारी काकूंना घेऊन टाइल्सच्या दुकानात.

दुकानात सगळ्या खडबडीत टाइलला "अँटीस्किड" म्हणतात. त्यावर विसंबून चालत नाही. आर ९ ते आर १३ हे टाइलच्या पकडीचे आकडे बूट घालून, तेलकट उतारावर घेतलेल्या चाचणीचे असतात, कारखान्याच्या उपयोगाचे. अनवाणी पाय आणि साबणाचं पाणी यांची चाचणी वेगळी, तिचे वर्ग ए, बी आणि सी, चढत्या पकडीचे. न्हाणीसाठी मी बी वर्ग मागते. दुकानदाराने मोरबीच्या कंपनीकडून कागद मागवून दाखवला. तरीही पिशवीतून शाम्पू आणि पाण्याची बाटली काढली, नमुन्यावर ओतलं आणि चप्पल काढून उभी राहिले. फार खडबडीतही घ्यायची नाही. मळ धरून बसते, घासणाऱ्या बाईंचे हात जातात, आणि मळ बसलेली टाइल पुन्हा निसरडीच.

रंगाचं काम काकूंनी केलं, आणि ते पाहण्यासारखं होतं. त्यांनी पांढऱ्या कमोडचं झाकण मागवून घेतलं, त्याच्या मागे एकेक टाइल उभी धरायला लावली आणि चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक केले. इतके बारीक की पापण्या जवळजवळ मिटल्या. "रंग विसर, गडद-फिकं बघ," म्हणाल्या. वर्गात मुलांना हेच शिकवायच्या. बेज रंगाच्या टाइलवर झाकण विरघळून गेलं, काठच दिसेना. शेवाळी हिरव्यावर ते लख्ख उठून दिसलं. उतारवयात नजर नेमकी इथेच कमी पडते. पांढऱ्या भिंतीपुढची पांढरी सीट, करड्या फरशीवरची करडी पायरी. काठ दिसला नाही की बसण्याचा अंदाज चुकतो.

ठरलं: कमोडमागची भिंत शेवाळी हिरवी, बाकीच्या भिंती हस्तिदंती, फरशी मॅट, उबदार करडी, एकाच छटेची. नक्षी नाही, ठिपके नाहीत. फरशीवरचा गडद पट्टा काकांना खड्ड्यासारखा वाटू शकतो. आंघोळीच्या जागी त्याच रंगाच्या चार इंची टाइल्स. जितके जास्त सांधे तितकी तळपायाला जास्त पकड.

१८ नोव्हेंबर

फोडाफोडी सुरू. सोसायटीच्या नियमाप्रमाणे सकाळी दहा ते एक आणि चार ते सहा.

जुना कोबा फोडला. खालच्या स्लॅबपर्यंत फूटभर खोलीत विटांचे तुकडे भरलेले, सगळे ओले. लोखंडी पाइप नखाने खरवडला तर पापुद्रे सुटत होते. खालच्या घरातल्या डागाचं मूळ सापडलं. वरवर नव्या टाइल्स चिकटवून भागवा, असा सल्ला आधी एका ठेकेदाराने काकांना दिला होता. तसं केलं असतं तर वर्षभरात नवी फरशी फोडावी लागली असती.

१९ नोव्हेंबर

राडारोडा गोणीत भरून खाली. मधली भिंत पडली, खोलीत पहिल्यांदा दोन्ही झरोक्यांचा उजेड एकत्र आला.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान, काम बंद. गवंडी आणि बिगारी गावी गेले.

केंद्रावर काका-काकू भेटले. शाळेत उताराला कठडा होता, पण चौकोनी आणि जाड पाइपचा. काकांनी त्यावर नुसता तळहात ठेवला, बोटं वळेनात. आधाराची दांडी गोल हवी आणि मुठीत मावायला हवी, साधारण ३५ ते ४० मिलिमीटर जाडीची. भिंतीपासून दोन इंच सुटी हवी म्हणजे बोटं मागून फिरतात, आणि त्याहून फार जास्त नको, कारण घसरलेलं मनगट मागे अडकतं. काकांची मूठ मी तिथेच टेपने मापली. ३५ची घ्यायची.

२२ नोव्हेंबर

प्लंबिंग. कमोड भिंतीत टांगणारा ठरवला, कारण त्याची उंची आपल्या हातात असते. लोखंडी फ्रेम जमिनीवर आणि मागच्या भिंतीवर बोल्ट होते, पुढे अर्धी भिंत बांधून आत फ्लश टाकी लपवायची. अशा फ्रेम ४०० किलोपर्यंतचा भार घेतात. काकांना "टांगलेला" या शब्दाचीच धास्ती होती, म्हणून उघडी फ्रेम दाखवली, हलवून पाहायला सांगितलं. बसण्याची उंची १८ इंच ठेवली. काकांना उठायला दांडीची जोड मिळते आणि काकूंसाठी खाली पायाला टेकू येईल असा बारीक लाकडी पाट, वापरून झाला की भिंतीला टांगायचा. टांगलेल्या कमोडखाली फरशी मोकळी राहते, पाय मागे घेऊन उठता येतं. माणूस उठताना पाय आधी मागे घेतो. एकदा स्वतः करून पाहावं, लगेच कळतं.

गरम पाण्याचं जास्त महत्त्वाचं. इमारतीवर सोलर आहे. दुपारी तीनला नळाचं पाणी थर्मामीटरने मोजलं, ६८ अंश. ६० अंशाच्या पाण्याने पाच-सहा सेकंदांत कातडी खोलवर भाजते, म्हाताऱ्या पातळ कातडीला तेवढाही वेळ लागत नाही. पार्किन्सनमध्ये नळ पटकन बंद करणं जमत नाही. म्हणून थर्मोस्टॅटिक मिक्सर हवाच. ३८ अंशावर खूण, त्यापुढे बटण दाबल्याशिवाय फिरत नाही, आणि गार पाणी अचानक गेलं तर गरमही बंद होतं.

आणलेल्या मिक्सरच्या कागदावर किमान दाब एक बार लिहिलेला. विकणारा म्हणाला, चालेल. गच्चीवरच्या टाकीपासून आपल्या नळापर्यंत सात मीटरही उंची नाही, आणि दहा मीटरला साधारण एक बार दाब मिळतो. गेज लावला: ०.६. वाहत्या पाण्यात त्याहून कमी. मिक्सर परत केला, कमी दाबावर चालणारा मागवला. आपल्याकडच्या गच्चीच्या टाकीवरच्या घरांत ही तपासणी कुणी करत नाही आणि मग "थर्मोस्टॅटिक आपल्याकडे चालत नाही" असं पसरतं. चालतो, दाब बघून घेतला तर.

२३ नोव्हेंबर

स्लॅब घासून, भेगा भरून, कोपऱ्यांना गोलाई देऊन वॉटरप्रूफिंगचे दोन हात, मध्ये फायबरची जाळी. भिंतीवर आंघोळीच्या बाजूला सहा फुटांपर्यंत नेलं. सुकायला ठेवलं.

२५ नोव्हेंबर

पाणी भरलं. पातळीवर खडूची रेघ.

२८ नोव्हेंबर

तीन दिवसांनी रेघेला पाणी तसंच. खालचं छत हात लावून पाहिलं, नवीन ओल नाही. पाणी सोडलं.

आज काकांच्या फिजिओथेरपिस्ट आल्या होत्या. काकांचा त्रास असा की दारापाशी आले की पाय जमिनीला चिकटतात. पुढे जायचं असतं, धड पुढे झुकतं, पाय हलत नाही. पार्किन्सनमध्ये अरुंद जागी आणि दारात हे होतं. पडणं नेमकं तिथेच घडतं. रुंद दार आणि उंबरा काढणं याने बराच फरक पडेल, असं त्या म्हणाल्या, आणि मग पॅसेजमध्ये दारापर्यंत पांढऱ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या, एका पावलाच्या अंतरावर. "काका, रेघ ओलांडायची, चालायचं नाही." काका थांबले, खाली पाहिलं, रेघ ओलांडली. मग दुसरी. तिसऱ्या रेघेला ते आत पोचले होते. गवंडी थापी हातात धरून बघत राहिला.

काकूंना पांढऱ्या चिकटपट्ट्या कायमच्या नको होत्या. कागदावर त्यांनी तिथल्या तिथे काढून दाखवलं: जुन्या मोझाइकमध्ये पूर्वी पितळी पट्ट्या घालत, तशाच पाच पट्ट्या. फिजिओथेरपिस्टना विचारलं, ठळक दिसत असतील तर चालतील. मोझाइक फिक्या रंगाचं, म्हणून पट्टी पाऊण इंच रुंद आणि दोन्ही बाजूंना काळ्या ग्राउटची, म्हणजे सांधे भरायच्या मसाल्याची, कड. घासून फरशीच्या पातळीत, नखाला लागता कामा नये. या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, आणि ती माझ्या नकाशात नव्हती.

३० नोव्हेंबर

भरणी आणि ढाळ. बाथरूमची फरशी पॅसेजच्या पातळीत आणायची म्हणजे उंबऱ्याचं काम ढाळाने करायचं. मागच्या भिंतीला पाणी जायला लांब जाळीचा ट्रॅप बसवला आणि दारापासून तिथपर्यंत सहा फुटांत सात सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) उतार दिला, साधारण ८०ला १. पाणी वाहतं आणि पायाला जाणवत नाही. चारी बाजूंनी मधल्या नहाणी ट्रॅपकडे उतार दिला की फरशी बशीसारखी होते, वॉकरचा एक पाय नेहमी अधांतरी. एकाच दिशेचा उतार म्हणून बरा. दाराच्या आत एक अरुंद जाळी जास्तीची घातली. ट्रॅप तुंबला किंवा बादली लवंडली तर पाणी पॅसेजमध्ये जायला नको.

गवंड्याला एवढा कमी ढाळ पटत नव्हता. लेव्हलच्या नळीने प्रत्येक फुटाला खूण करून घेतली, पाणी ओतून पाहिलं. मग पटलं.

२ डिसेंबर

आजचा दिवस बादली-तांब्याला दिला.

परदेशी नमुन्यांत आंघोळ म्हणजे शॉवर, फार तर टब. आपल्याकडे सत्तरी ओलांडलेला माणूस बादली, तांब्या आणि पाट सोडत नाही, आणि सोडायला लावूही नये. काकांचं म्हणणं, शॉवरने आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. पण पाटावर बसायचं म्हणजे जमिनीपर्यंत खाली जायचं, आणि उठताना ओल्या फरशीवर गुडघ्यांचा सगळा जोर. खुर्चीवर बसवलं तर बादली खाली राहते, प्रत्येक तांब्याला माणूस कमरेत वाकतो, तोल पुढे जातो. सीट बसवली आणि बादलीचा विचार केला नाही, अशी कितीतरी बाथरूम्स पाहिली आहेत. तिथे सीटवर साबणाचे डबे ठेवलेले असतात.

म्हणून आज हॉलमध्ये कोरड्या विटा रचल्या. काकांना स्टुलावर बसवलं, शेजारी विटांवर रिकामी बादली, हातात तांब्या. दोन थर, तीन थर, चार थर. तीन थरांवर बादलीचा काठ बसलेल्या काकांच्या कोपराखाली जरासा आला. तांब्या आत गेला, वर आला, खांदा उचलावा लागला नाही, पाठ सरळ राहिली. मग बाजू. उजव्या हाताला कंप आहे, पाण्याने भरलेला तांब्या त्या हातात हिंदकळतो. डावीकडे बादली ठेवून पाहिली तर डाव्या हाताने व्यवस्थित जमलं आणि उजवा हात दांडीवर स्थिर राहिला. दांडी धरली की कंपही कमी झाला. काका स्वतःच म्हणाले, "हे असंच हवं."

तर डाव्या हाताला फूटभर उंचीचा कट्टा, वरची कड गोल, बादली सरकू नये म्हणून वर अर्ध्या इंचाची खाच. मिक्सरचा खालचा नळ थेट बादलीवर, म्हणजे भरलेली बादली उचलायची वेळच येत नाही. हँडशॉवर सरकत्या दांडीवर, बसल्या जागी हात पोचेल असा. काकूंना तोच आवडतो. मिक्सरपर्यंत हात बाहेर उभं राहूनही पोचतो. पाणी आधी सोडायचं, हाताने बघायचं, मग आत जायचं.

४ डिसेंबर

दांड्या. जागा ठरवताना नकाशातली मापं फक्त सुरुवातीला धरली. काकांना तात्पुरत्या सीटवर बसवलं, डोळे मिटून उठायला सांगितलं, हात आपोआप भिंतीवर जिथे गेला तिथे पेन्सिलची खूण. काकूंची खूण निराळ्या रंगात. कमोडच्या डाव्या भिंतीवर एल आकाराची: आडवा भाग बसताना रेटायला, उभा भाग उठताना ओढायला. उघड्या बाजूला खाली-वर होणारी, नको तेव्हा उभी करून ठेवायची. न्हाणीत सीटसमोर एक उभी, शेजारी एक आडवी.

डावी भिंत नऊ इंची वीटकामाची, तिथे जाळीच्या नळीसह केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून घट्ट बसवलेला बोल्ट. बेडरूमकडची साडेचार इंची, तिच्यात नुसता प्लग ठोकून काही टिकत नाही, जुनी वीट भुगा होते. तिथे आरपार बोल्ट, पलीकडे कपाटामागे लोखंडी पट्टी. कमोडमागच्या भिंतीला डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीत, तशीच पट्टी. दाबून चिकटणाऱ्या रबरी कपांच्या दांड्या काकूंच्या एका मैत्रिणीने आणून दिल्या होत्या, त्या परत करायला सांगितल्या. टाइल ओली झाली, हवा शिरली की त्या न सांगता सुटतात.

अँकर सुकल्यावर गवंडी आणि बिगारी दोघं एकेका दांडीला लोंबकळले. एकही हलली नाही.

टॉवेलच्या दांड्याही याच जातीच्या घेतल्या आणि तेवढ्याच मजबूत बसवल्या. पडणारा हात दांडी टॉवेलची की आधाराची हे बघत नाही. सगळ्या स्टेनलेस ३०४च्या, वर गडद पितळी रंगाचा मॅट मुलामा. हस्तिदंती भिंतीवर ओल्या डोळ्यांनाही दिसतात, आणि पॅसेजमधल्या पितळी पट्ट्यांशी नातं जुळतं. टॉवेलची कुठली आणि आधाराची कुठली हे पाहुण्यांना ओळखता येणार नाही.

७ डिसेंबर

टाइल्स पूर्ण, इपॉक्सी ग्राउट. बेसिन भिंतीला टांगलेलं, खाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा. आरसा खाली उतरवला, स्टुलावर बसून दाढी करता यावी म्हणून.

वीज: तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), अर्थिंग तपासलं. आरशाच्या दोन्ही बाजूंना दिवे, डोक्यावर एकच दिवा असला की चेहऱ्यावर सावली पडते. चकाकणारं काही नको, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना ओल्या फरशीवरची तिरीप सहन होत नाही. बेलची दोन बटणं: एक सीटजवळ, दुसरं जमिनीपासून फूटभरावर. पडलेल्या माणसाचा हात तेवढाच वर जातो.

१० डिसेंबर

दार बसलं. वरून टांगलेलं, पॅसेजच्या बाजूने सरकणारं, जमिनीवर रूळ नाही. मोकळी रुंदी तीन फूट. मूठ ठसठशीत, इंग्रजी डी आकाराची. बोटं रुतवायच्या खाचा या हातांना जमत नाहीत. सरकत्या दाराला फटी राहतात म्हणून कडेला ब्रश लावला. काकूंनी दार बंद करून आत-बाहेर बोलून पाहिलं, आवाज बराच दबतो.

१२ डिसेंबर

कोरडी तालीम, मग ओली. काका पट्ट्यांवरून आले, दारात थबकले, पट्टीकडे पाहून आत गेले. बसले, उठले. बादली भरली, कपडे घालूनच तांब्या फिरवून पाहिला. पाणी ३८ अंश, सोलर ६६वर असताना. हँडशॉवरची नळी जास्त लांब आहे, जमिनीवर वेटोळं पडतं आणि पाय अडकतो. आखूड मागवली.

१४ डिसेंबर

दत्तजयंती. काकांची पूजा असते, आज पहिली आंघोळ नव्या बाथरूममध्ये. काकूंचा सकाळी फोन: काका दार लावून एकटे गेले, मदतीसाठी दार न ठोठावता बाहेर आले. गेलं वर्षभर त्या आंघोळ होईपर्यंत दारापाशी उभ्या राहायच्या.

१७ डिसेंबर

आखूड नळी बसवली. महिन्याने सगळे बोल्ट तपासायला यायचं ठरलं.

काकूंना स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून दिलं: मिक्सरची जाळी दर तीन महिन्यांनी साफ करायची, पुण्याच्या बोअरच्या पाण्याने क्षार साचतात. थर्मामीटरने त्याच दिवशी पाणी मोजायचं. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा. फरशीला चकाकी आणणारं कुठलंही लिक्विड नाही. अंगाला तेल लावायचं ते बेडरूममध्ये, तळपाय पुसून मग आत यायचं, आणि अभ्यंगाच्या दिवशी फरशी गरम पाणी-डिटर्जंटने लगेच घासायची, कारण तेलापुढे बी वर्गाची टाइलही हात टेकते.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दार उघडं पाहून आत आल्या, दांडी धरून पाहिली, कट्ट्यावर बादली ठेवून पाहिली. त्यांच्याकडे दुसरा संडास नाही. तिथे भिंत ठेवूनच काम करावं लागेल. शनिवारी मापं घ्यायला जायचं आहे.